सबबीचा तास

या अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. 'सर, तुम्ही मुलांना लिहितं कसं केलंत, त्यावर काहीतरी द्या,' असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. वर्गात त्यांचं कधी लक्ष नसे अशी मला शंका होती, ती त्या दिवशी फिटली. मुलांना लिहितं करण्यासाठी मी जे जे केलं त्यातलं बहुतेक सगळं फसलं, आणि जे एक साधलं त्यापायी नोकरी जायची वेळ आली. पण संपादकांनी चहा संपेपर्यंत आग्रह धरला, आणि मलाही स्वतःविषयी बोलायला कुणीतरी हवंच असतं. म्हणून हा लेख.

सोलापूरच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागलो तो काळ सन तीसच्या आसपासचा. पुण्याहून नुकताच बी.ए. होऊन आलो होतो. एका मासिकात माझी एक कविता छापून आली होती. खरं सांगायचं तर एका लेखाखाली थोडी जागा उरली होती, ती भरायला तेवढ्याच लांबीचं दुसरं काही संपादकांना मिळालं नसावं. पण मासिकाचा तो अंक मी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडत असे. कुणी विचारलंच तर असावा म्हणून. नोकरीच्या सबंध पहिल्या वर्षात कुणी विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला कल्पना नसेल म्हणून सांगतो. त्या वेळच्या हायस्कुलात खरी किंमत इंग्रजीला आणि गणिताला. मराठी म्हणजे घरी बोलतो ती भाषा, तिला शिकवायचं काय, असं मुलांना वाटे, पालकांना वाटे आणि आमच्या हेडमास्तरांनाही वाटे. त्यामुळे मराठीचा तास नेहमी मधल्या सुट्टीनंतर, पोरं जेवून पेंगुळलेली असताना. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची ड्रिलमास्तरांच्या पलीकडे, दाराशी. ड्रिलमास्तरांचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. त्यांच्याकडे निदान शिट्टी होती.

आठवड्यातून एक तास निबंधाचा. मास्तराने फळ्यावर विषय लिहायचा, मुलांनी वहीत निबंध लिहायचा, मास्तराने वह्या घरी नेऊन लाल शाईने चुका काढायच्या. ही पद्धत वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती, कारण त्यात लिहिण्याचं काम कुणालाच पडत नसे. बाजारात निबंधांचं एक गाइड मिळे. वर्गात दोन-तीन मुलांकडे ते असे आणि बाकीच्यांकडे ती दोन-तीन मुलं असत.

पहिल्या महिन्यात मी 'माझे आजोबा' हा विषय दिला. सगळ्या वर्गाचे आजोबा पांढऱ्या मिशांचे, करारी पण मनाने प्रेमळ असे निघाले आणि सगळेच्या सगळे एकाच वाक्यात वारले. रसूल नावाचा एक गुणी मुलगा पहिल्या बाकावर बसे, त्याचे आजोबासुद्धा पहाटे उठून विष्णुसहस्रनाम म्हणत होते. 'रम्य सकाळ' या विषयात तर आमच्या गावातून नदी खळखळत वाहू लागली. सोलापुरात राहून, नळाला पाणी आलं का हे बघायला भर तासातून उठणारी ही पोरं. त्यांनी ती नदी कुठून आणली असेल ते सांगायला नकोच.

मला फार दुःख झालं. त्या वयात मला दुःख पटकन होई आणि त्याचा मला अभिमानही वाटे. मी ठरवलं की या मुलांचे डोळे उघडायचे. एका शनिवारी वर्गाला घेऊन सिद्धेश्वराच्या तलावावर गेलो. म्हटलं, जे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, दुसरं काही नाही. मग काठावर उभा राहून मी त्यांना सृष्टिसौंदर्याविषयी सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझी टोपी वाऱ्याने उडून पाण्यात पडली. ती काढायला मी धोतर खोचून उतरलो तो गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. एका फुटाणेवाल्याने हात देऊन मला बाहेर ओढलं. पोरं पोट धरधरून हसली. काही तर खाली बसली.

घरी येऊन वह्या उघडल्या. तलावात कमळं उमलली होती. राजहंस विहरत होते. टोपीचा, चिखलाचा, फुटाणेवाल्याचा एकाही वहीत पत्ता नव्हता.

सोमवारी मी वर्गात विचारलं, "अरे, एवढे हसलात, मग ते लिहिलं का नाही?"

शेवटी भगवान उठला. भगवान करकंबचा, शेतकऱ्याचा मुलगा. इथे मामाकडे राहून शिकत होता.

"ते निबंधात कसं लिवायचं, सर?" तो म्हणाला. "ते खरंच झालं की."

त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं माझ्या बी.ए.ने शिकवलं नव्हतं. या मुलांच्या लेखी निबंध ही देवघरातल्या सोवळ्यासारखी वस्तू होती. खऱ्या गोष्टीचा तिला विटाळ चालत नव्हता.

या भगवानचाच पुढे मला उपयोग झाला, म्हणून त्याच्याविषयी थोडं सांगतो. तो रोज उशिरा येई. रोज माझ्या तासाला मी सकाळच्या उशिराचं कारण विचारी आणि रोज तो नवं कारण देई. एके दिवशी त्याने सांगितलं की मंगळवारच्या बाजारातून सुटलेली एक म्हैस मामाच्या गल्लीत शिरली आणि नेमकी दारातच बसली. गल्ली एवढी अरुंद की म्हैस उठल्याशिवाय दार उघडेना. मामी आतून तिला शिव्या देतेय, म्हशीचा मालक बाहेरून तिची समजूत घालतोय, म्हशीला दोघांचंही पटत नाही. मामाला कामावर जायचंय, गिरणीचा भोंगा होऊन गेलाय, म्हणून तो शेजारच्या कौलांवरून उतरायला गेला आणि धोतर अडकून मधेच लोंबकळत राहिला. तेव्हा कुठे त्याला बघायला म्हैस उठली.

सगळा वर्ग जागा होता. मधल्या सुट्टीनंतर सगळा वर्ग जागा असलेला मी प्रथमच पाहिला.

"हे लिहून काढ," मी म्हणालो.

भगवान घाबरला. "लिवायचं कशाला, सर? ह्ये समदं खोटं हाय."

खरं आहे म्हणून लिहायचं नाही, खोटं आहे म्हणूनही लिहायचं नाही. मग लिहायचं तरी काय, याचा विचार करत मी घरी आलो आणि जेवताना मला ती कल्पना सुचली. बायकोला सांगितली. ती म्हणाली, "यात तुम्ही गोत्यात याल." तिचं म्हणणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही, आणि त्या गोष्टीची तिने मला पुढे पुष्कळ वर्षं आठवण करून दिली.

पुढच्या शनिवारी फळ्यावर मी विषय लिहिला नाही. म्हटलं, आजपासून हा सबबीचा तास. प्रत्येकाने एक सबब लिहायची. शाळेला उशीर का झाला, वही का आणली नाही, गणित का सुटलं नाही, काहीही. अट दोन. एक, ती घडलेली नसावी. दुसरी, वाचणाऱ्याला ती घडली असंच वाटलं पाहिजे. जी सबब मला पटेल तिला मार्क, जी पटणार नाही तिला शून्य.

गाइडात सबबी नव्हत्या. पोरं थोडा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. मग भगवानने टाक दौतीत बुडवला आणि बघता बघता सगळ्या वर्गात टाकांची कुरकुर सुरू झाली.

नुसतं 'मला ताप आला होता' असं लिहिलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी शून्य दिलं. तो भांडायला आला. मी विचारलं, ताप आला तेव्हा घरात कोण होतं? कपाळाला हात कुणी लावला? औषध कडू होतं की तुरट? पांघरूण कुणाचं? तो वही घेऊन गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तापाला अंग फुटलं होतं. आजीची गोधडी होती, तिला तंबाखूचा वास होता. वैद्याने पुडी दिली ती मांजराने सांडली होती. खोटं पटायचं तर त्याला तपशील लागतो, आणि तपशील शोधायला माणूस शेवटी आपल्याच घरात शिरतो. गाइडात गेलेले आजोबा सबबींत हळूहळू परत येऊ लागले. या खेपेला ते कान फुंकत, दुपारी चोरून गूळ खात, आणि रसूलचे आजोबा नमाजाची वेळ चुकली की घड्याळाला दोष देत. माझी छाती फुगली. कोटाच्या खिशातलं मासिक मी घरी ठेवून दिलं. आता शिक्षणशास्त्रावर एखादा ग्रंथ लिहावा असं मनात येऊ लागलं होतं.

या आनंदात एकच खडा. राजय्या.

राजय्या पूर्वेकडच्या विणकरांच्या वस्तीतला. घरी माग, घरात सगळे तेलुगू बोलत. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, वर्गात खिडकीजवळ बसे. सबबीच्या तासाला त्याचा कागद कोरा. पहिल्या शनिवारी कोरा, दुसऱ्या शनिवारी कोरा. मला वाटलं, बिचाऱ्याचं मराठी कच्चं आहे. मी मोठ्या मनाने म्हणालो, "तू तेलुगूत लिही." मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं, तरी म्हणालो.

"तेलुगूत लिहिलं तरी खोटंच होतो की, सर," तो म्हणाला.

"म्हणजे तुला लिहिता येतं, पण लिहायचं नाही?"

"खोटं नाही लिहायचं. आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही. नायनाला कळला तर शाळेतून काढतील. मागावर बसवतील." नायना म्हणजे त्याचे वडील.

मी त्याला कल्पनाशक्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गोष्टी, नाटकं, पुराणं, सगळ्यांचे दाखले दिले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते खरं नाही असं तिथं वर लिहिलेलं असतो काय, सर?"

मी म्हटलं, नसतं. तो म्हणाला, "मग?"

मी दर शनिवारी त्याला शून्य देत राहिलो आणि तो दर शनिवारी ते घेत राहिला. दोघांपैकी जास्त अवघडल्यासारखं मला होत असे.

त्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली. आमच्या वर्गात अनंत नावाचा एक मुलगा होता, वकिलांचा. वकीलसाहेब शाळेच्या कमिटीवर होते. शाळा सुटल्यावर अनंत परस्पर जत्रेत गेला, पाळण्यात बसला, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचला. दारात वडील उभे. तेव्हा अनंताने सबबीच्या तासाला शिकलेलं सगळं कामाला लावलं. आमचे हेडमास्तर रिसबूड यांना म्हणे वर्गात शिकवता शिकवता भोवळ आली. पडताना त्यांची पगडी कंपासपेटीवर पडली. शिपायाने कांदा आणला, तो फोडायला सुरी मिळेना म्हणून दाराच्या सापटीत फोडला. मग चार मुलांनी त्यांना घरी पोचवलं, त्यात डावा पाय अनंताकडे होता. रिसबूडबाईंनी सगळ्यांना साखरपाणी दिलं.

वकीलसाहेबांना गहिवरून आलं. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोसंब्यांची पिशवी घेऊन ते हेडमास्तरांच्या समाचाराला निघाले. रिसबूड शाळेच्या फाटकात उभे होते आणि उशिरा येणाऱ्या मुलांना छडी मारत होते. दोघांचं बोलणं काय झालं ते मी ऐकलं नाही. पण थोड्या वेळाने शिपाई मला बोलवायला आला तेव्हा मोसंब्यांची पिशवी टेबलावर होती, अनंत कोपऱ्यात उभा होता, आणि रिसबूड इतके तांबडे झाले होते की त्यांना खरंच भोवळ येईल असं मला वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हा म्हणतो, हे त्याला तुम्ही शिकवलंत."

मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कांदा दाराच्या सापटीत फोडण्याचा तपशील फार चांगला होता, हे माझ्या ओठांवर आलं होतं ते कसंबसं गिळलं.

प्रकरण कमिटीकडे गेलं. शाळेत मुलांना खोटं बोलायचे धडे दिले जातात, असा वकीलसाहेबांचा अर्ज. मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. कमिटीने नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी मला बिऱ्हाड आवरून पुण्याला जावं लागलं असतं, आणि तिथे माझी वाट कुणी बघत नव्हतं. बायकोने ट्रंक पुसून ठेवली, एवढंच.

कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब म्हणून निवृत्त मामलेदार होते. मोठं पोट, तपकिरीची डबी, आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. शनिवारी दुपारी शाळेच्या ग्रंथालयात सगळे जमले. मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. वकीलसाहेबांनी उभं राहून मुद्दे मांडले. ते इतके चांगले बोलले की मलाही माझा राग आला.

मग मुलांच्या साक्षी. भगवानला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपण होऊन आला. मला वाचवायचं असा त्याने चंग बांधला होता.

"सर लई चांगले हायत," तो म्हणाला. "सबबीबिबी काय न्हाय. शनिवारी सर आमास्नी हरिपाठ म्हणायला लावत्यात."

रावसाहेबांनी एक डोळा उघडला. "असं का? मग म्हण की."

भगवानने एक ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला तो अडला, इकडेतिकडे बघितलं, आणि त्याच चालीवर स्वतःच दोन ओळी रचून म्हणाला. त्यात सोलापूरचं नाव होतं. रिसबूडांनी कपाळाला हात लावला. वकीलसाहेब फक्त एवढंच म्हणाले, "माझं म्हणणं याने माझ्यापेक्षा चांगलं सिद्ध केलं."

त्यानंतर त्यांनी राजय्याला पुढे केलं. या एकट्या मुलाने खोटं लिहायला नकार दिला, त्यापायी दर आठवड्याला शून्य सोसलं, असा मुलगा या मास्तराविषयी काय सांगतो ते कमिटीने ऐकावं. बोलणं बिनतोड होतं. मी स्टुलावर बसल्या बसल्या मनातल्या मनात ट्रंक भरू लागलो.

राजय्या टेबलासमोर उभा राहिला. एवढी मोठी माणसं एकदम बघून त्याची दातखीळ बसली. वकीलसाहेबांनी विचारलं, रिसबूडांनी विचारलं. तो नुसता ओठ हलवी.

"बोलता येत नसेल तर लिहून दे," रावसाहेब म्हणाले. "घाबरू नकोस. वर्गात जे झालं ते लिही. सगळं लिही. काही गाळू नकोस, काही घालू नकोस."

शिपायाने त्याला पलीकडच्या टेबलाशी बसवलं, कागद आणि दौत दिली. राजय्याने बाह्या सरसावल्या आणि लिहायला सुरुवात केली.

कमिटीने चहा मागवला. चहा आला, संपला. राजय्या लिहीतच होता. त्याने आणखी कागद मागितले. वकीलसाहेबांनी मोठ्या समाधानाने ते दिले. मी बघत होतो. ज्या मुलाकडून मला एवढ्या शनिवारांत एक ओळ काढता आली नव्हती, तो पानामागून पान भरत होता. मान वाकडी, जीभ दातांत धरलेली, बोटं शाईने निळी. ते माझ्या नोकरीचं मरण लिहिलं जात होतं, तरी मला त्या मुलावरून डोळे काढवेनात.

शेवटी तो उठला आणि कागद रावसाहेबांपुढे ठेवले. रावसाहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. सगळं मला आता आठवत नाही. जे आठवतं ते असं होतं:

'सर वर्गात येतात. खडू खिशात ठेवतात. मग खडू कुठे आहे म्हणून टेबलावर शोधतात, खाली शोधतात. मुलं सांगत नाहीत. सर तलावावर घेऊन गेले. सरांची टोपी पाण्यात पडला. सर सांगतात वाऱ्याने पडला. वारा नव्हता. सर स्वतःची कविता म्हणत होते आणि हात हालवत होते. हात टोपीला लागला. सर खोटं लिहायला शिकवतात पण सरांना खोटं बोलता येत नाही, लगेच कळतो.'

कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता. रावसाहेबांचं पोट टेबलाला लागून हलत होतं. ते पुढे वाचू लागले:

'शनिवारी सर म्हणतात सबब लिहा. मी लिहिलो नाही. मला शून्य देतात. शून्य देताना सर माझ्याकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. आधी निबंधाच्या तासाला मुलं झोपत होते. रसूल बाकावर डोकं ठेवून झोपत होता. आता झोपत नाहीत. घंटा झाली तरी कुणी उठत नाही, लिहित बसतात. मी एकटा उठतो. बाहेर जाऊन नळाजवळ उभा राहतो. आतून हसायचा आवाज येतो. मला बाहेर बरं वाटत नाही.'

इथे रावसाहेब थांबले. त्यांनी ती शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. राजय्या बोटांची शाई सदऱ्याला पुसत उभा होता. आपण काय केलं याची त्याला काही कल्पना नव्हती.

"वकीलसाहेब," रावसाहेब म्हणाले, "माझी सगळी नोकरी अर्ज वाचण्यात गेली. एका अर्जात कधी माणूस दिसला नाही. हा मास्तर मला डोळ्यांपुढे उभा दिसतो." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बघण्यासारखं फारसं काही नाही, पण दिसतो खरा."

पुढचा निकाल थोडक्यात सांगतो. सबबीचा तास त्या दिवसापासून बंद. निबंधाचा विषय यापुढे हेडमास्तरांच्या मंजुरीने. मला आणखी एक वर्ष कच्च्यावरच ठेवायचं आणि माझ्या वर्तनावर नजर ठेवायची. वकीलसाहेबांना ते पुरेसं वाटलं नाही, पण मागे उभ्या असलेल्या अनंतानेच मधे एवढंसं तोंड करून 'मी चुकलो' म्हटल्यामुळे त्यांचा आवाज खाली आला. जाताना ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." तो टोमणा होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिसबूडांनी मंजूर केलेला पहिला विषय होता 'सत्य'. सगळ्या वर्गाने तो गाइडातून उतरवला. सत्य हे सूर्यासारखं तेजस्वी आहे, असं प्रत्येकाने लिहिलं. मी लाल शाईने सगळ्यांना बरे मार्क दिले आणि पेंगलो. ग्रंथ लिहायचा विचार तिथेच राहिला. पुढे मी कायम झालो, नोकरी पुरी केली, पण असा तास मला पुन्हा घेता आला नाही. दोन-तीनदा गुपचूप प्रयत्न केला. रिसबूडांचे कान तीक्ष्ण होते आणि माझं धाडस बेताचं.

पण त्या कमिटीनंतरच्या सोमवारची गोष्ट सांगायची राहिली. मधल्या सुट्टीत मी पायऱ्यांवर उभा होतो. राजय्या आला आणि बाजूला उभा राहिला. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. मी मोठ्या मनाने माफ करायच्या तयारीत राहिलो.

"सर," तो म्हणाला, "ते लिहिलेला कागद तुम्ही तपासला काय?"

"तो कागद कमिटीकडे आहे रे. माझ्याकडे कुठला यायला?"

"मग मार्क?"

"त्याला कसे मार्क देणार? ती साक्ष होती." त्याचा चेहरा पडला, तेव्हा मी घाईने म्हणालो, "पण चांगलं होतं. लिंगाच्या चुका पुष्कळ होत्या. तरी चांगलं होतं." आणि मग मनात होतं ते विचारलं, "घरी कळलं का?"

"मीच सांगितलो नायनाला. सगळं सांगितलो." तो म्हणाला. "नायना म्हणाले, खरं लिहून घेतात म्हणजे शाळा बरा आहे. जा."

मला हायसं वाटलं. घंटा व्हायला थोडा अवकाश होता. तो तिथेच घुटमळत होता.

"सर, मी परत लिहून आणू काय? कमिटीचा दिवस. तुम्हाला तपासायला."

"आण की," मी म्हणालो. आवाज साधा ठेवायचा मी आटोकाट प्रयत्न केला. "झालं तसं सगळं लिही."

"तसंच लिहितो. पण थोडं जास्त लिहू काय? नुसतं झालं तेवढंच लिहिलं की लवकर संपतो, सर."

"जास्त म्हणजे काय?"

त्याने मैदानाकडे बघत थोडा विचार केला.

"रावसाहेब वाचताना हसले ना. मग ते मी नळाजवळ उभा राहतो ते वाचले. तिथं वकीलसाहेब रडतात, असं लिहितो."

"वकीलसाहेब रडले नाहीत, राजय्या."

"माहीत आहे, सर," तो म्हणाला. "पण तिथं त्यांनी रडायला पाहिजे होतं."